वहीतली तेवीस कारणं

"ताई, इतकी वर्षं ज्याच्याबरोबर डबा खाल्ला तो माणूस असं करतो, आणि आपल्याला आधी काहीच कळत नाही? असं कसं?" हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. कुणा सहकाऱ्याच्या आत्महत्येनंतर, कुठल्या अफरातफरीनंतर, आणि एकदा खुनानंतर. त्या खुनानंतरची ही गोष्ट. ज्यांची आहे त्यांनी लिहायला होकार दिला. कुणी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे नाना म्हणते.

नाना इंदूरला सांवेर रोडवरच्या एका लहान कारखान्यात हिशेब पाहतात. वय ५४, राहायला लोकमान्य नगरात. कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल पाठवण्याचं काम, सांभाळणाऱ्या माणसाने एका सकाळी मालकाचा खून केला. चौदा वर्षं तो तिथे होता. खून करून तो पळाला नाही, गेटजवळच्या ओट्यावर बसून राहिला. पोलीस आले तेव्हा तिथेच होता. का केलं, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

सात आठवड्यांनी वहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आल्या. रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही. कामावर जातात, पण गेटमधून न जाता मागच्या बाजूने. सकाळी कोपऱ्यावर पोहे-जलेबी खायला जाणं बंद. वहिनींना झोपेपेक्षा या पोह्यांची जास्त काळजी होती, कारण तिथे नानांचे वीस वर्षांचे मित्र जमतात. नाना म्हणाले, "तिथे गेलं की हातात प्लेट यायच्या आत विचारतात, भिया, असली बात क्या थी? मला माहीत असणार असं सगळ्यांना वाटतं. मी आतला माणूस ना."

आणि मग त्यांनी पिशवीतून एक लाल पुठ्ठ्याची लांबट वही काढली.

तीत रकाने आखले होते. कारण, कुणी सांगितलं, कितपत पटतं. एकूण तेवीस कारणं. ओव्हरटाइमचे पैसे थकले होते. दिवाळीला सगळ्यांसमोर अपमान झाला होता. मालकाचा मुलगा आता डिस्पॅच बघणार होता. गावाकडच्या जमिनीचं काही होतं. सट्ट्यात पैसे गेले. डोक्यावर परिणाम झाला. सतराव्या ओळीत त्या माणसाची बायको आणि मालक यांच्याबद्दलची एक कुजबुज होती. पुढे 'कितपत पटतं' या रकान्यात प्रश्नचिन्ह. प्रत्येक ओळ सुवाच्य अक्षरात, तारखेसह. नाना म्हणाले, "ताई, ताळेबंद जुळत नाही तोवर मला झोप लागत नाही. आयुष्यभराची सवय आहे. हा फरक कुठून आला, ते सापडलं पाहिजे."

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. त्यांची अवस्था बघून मी पटकन म्हणाले, "नाना, यात तुमचा काही दोष नाही." त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली, आणि पुढचे दोन आठवडे आले नाहीत. दोषाचा शब्दही त्यांनी काढला नव्हता, तो माझ्या तोंडून आला होता. त्यांनी मला एक गणित दाखवलं होतं आणि मी ते न बघताच उत्तर सांगून मोकळी झाले होते.

ते परत आले तेव्हा मी वही मागून घेतली आणि पूर्ण वाचली. एकेका ओळीवर बोललो. कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? हळूहळू दिसायला लागलं की तेवीसपैकी एकोणीस कारणं सांगणाऱ्यांनी ती दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकली होती. उरलेल्या चार गोष्टी खऱ्या होत्या, पण त्या कारखान्यातल्या निम्म्या माणसांच्या बाबतीत खऱ्या होत्या. ओव्हरटाइम सगळ्यांचाच थकला होता. अपमान त्या दिवाळीला तिघांचा झाला होता. त्यांतल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी येऊन पेढे वाटले.

मी त्यांना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल दाखवला. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांतल्या ९,९६२ गुन्ह्यांपुढे हेतू म्हणून एकच शब्द आहे: वाद. नाना आकड्यांचे माणूस. त्यांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त रक्कम एकाच मोघम खात्यात टाकलीय." मी म्हटलं, तपास पूर्ण अधिकाराने करणाऱ्या पोलिसांनासुद्धा बऱ्याचदा एवढंच लिहिता येतं, तर पोह्याच्या ठेल्यावर उभ्या माणसाला त्याहून जास्त कुठून कळणार?

अंदाज बांधणं इतकं निरुपद्रवी नसतं, हे मला इथे पोटतिडकीने लिहायचं आहे. माणूस हेतू शोधायला लागला की तो नकळत कुणाच्या तरी माथी काहीतरी मारतो. मेल्व्हिन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका स्त्रीला विजेचे झटके बसताहेत असं बघणाऱ्यांना भासवलं होतं. ज्यांना ते थांबवणं शक्य नव्हतं, त्यांनी त्या स्त्रीलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायाने चालतं असं मानल्याशिवाय आपल्याला सुरक्षित वाटत नाही. म्हणून ज्याच्यावर आघात झाला त्याचंच काहीतरी चुकलं असणार, असं मन ठरवून टाकतं. सप्टेंबर २००८ मध्ये ग्रेटर नोएडातल्या एका कंपनीच्या प्रमुखाला कामावरून काढलेल्या कामगारांच्या जमावाने ठार केलं. तेव्हा कामगार मंत्री ऑस्कर फर्नांडिस यांनी हा व्यवस्थापनांसाठी इशारा समजावा, असं विधान केलं. टीका झाल्यावर त्यांना माफी मागावी लागली. मंत्र्याकडून होतं ते कॉलनीतही होतंच.

नानांच्या मालकांच्या तेराव्याला कुणीतरी जेवता जेवता म्हणालं, "काहीतरी केलंच असेल ना त्यांनीही, उगाच कोण असं करतो." मालकीणबाई वाढायला उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. आणि सतराव्या ओळीतल्या कुजबुजीमुळे त्या डिस्पॅचवाल्याच्या बायकोने मुलीला महिनाभर शाळेत पाठवलं नव्हतं. हे दोन्ही नानांनीच मला सांगितलं, वेगवेगळ्या दिवशी. दोन्हीचा वहीशी काही संबंध आहे, हे त्यांना सांगताना जाणवलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या भेटीत मी विचारलं, "नाना, या वहीत सगळे आहेत. मालक, त्यांचा मुलगा, डिस्पॅचवाल्याची बायको, गावाकडचे भाऊ, अगदी चहावालासुद्धा. तुम्ही कुठे आहात?"

ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग जे सांगितलं, ते त्यांनी पोलिसांना, वहिनींना, कुणालाच सांगितलं नव्हतं.

खुनाच्या आदल्या दिवशी वीस तारीख होती. जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोर्टल अडकत होतं, नाना घामाघूम झालेले. तो माणूस टेबलाशी आला आणि म्हणाला, "नानाजी, पंधरा हजार एडवांस मिल जाता तो..." नानांनी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "कल देखते हैं." तो थोडा वेळ उभा राहिला. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायला. "ठीक है" म्हणाला आणि गेला.

"मी मान वर केली नाही, ताई. त्याचा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. तेवढंच मला रोज रात्री दोनला दिसतं. न पाहिलेला चेहरा."

आता कळलं होतं की तेवीस कारणं कशासाठी जमवली होती. त्यांतलं एखादं खरं ठरलं असतं, तर चोविसावं लिहावं लागलं नसतं.

या वेळी मी 'तुमचा दोष नाही' म्हटलं नाही. उचलीचं रजिस्टर आणायला सांगितलं. पुढच्या भेटीत आम्ही ते उघडून बसलो. चौदा वर्षांत त्या माणसाने एक्केचाळीस वेळा उचल घेतली होती. नानांना आठवेल तितकं आठवून प्रत्येक नोंदीपुढे लिहायला लावलं: मागितली त्याच दिवशी दिली, की 'उद्या बघू' म्हटलं? नोंदीची तारीख आणि महिनाअखेर बघून त्यांना बरंच आठवलं. निदान पंधरा वेळा 'उद्या बघू' झालं होतं. पंधराही वेळा तो दुसऱ्या दिवशी आला, सही केली, पैसे घेतले, एकदा तर नानांसाठी गावची तूरडाळ घेऊन आला.

"मग वीस तारखेला सहा वाजता तुमच्या हातात असलेल्या माहितीवरून," मी विचारलं, "एकवीस तारखेबद्दल तुम्ही काय अपेक्षा करायला हवी होती?"

"तो येईल आणि सही करेल," नाना म्हणाले. मग ते रडले.

बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाचा १९७५ चा एक अभ्यास मी अशा वेळी सांगते. त्याने लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा लढाईची माहिती वाचायला दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्याला वाटलं की हे तर आधीपासूनच दिसत होतं. शेवट कळल्यावर मागचं सगळं त्याच्याकडे बोट दाखवायला लागतं. माठातलं पाणी पिणंसुद्धा. एकविसाव्या तारखेला तो कामावर नेहमीसारखा आला असता, तर ते पाणी नानांना आठवलंही नसतं.

याचा अर्थ त्या संध्याकाळचा खुनाशी संबंध नव्हता, असं मी म्हणत नाही. असेल किंवा नसेल. मला माहीत नाही, नानांनाही नाही, आणि ते माहीत नसलेलं सोबत घेऊन जगायला शिकणं एवढंच आमचं काम होतं. पण माहीत असलेलं लपवून ठेवणं वेगळं. ते आतून खातं. मी त्यांना वकिलाचा सल्ला घ्यायला सांगितलं. त्यांच्या मनात भीती दोन गोष्टींची होती: आपल्यालाच गोवतील, आणि आपल्या सहीने त्या माणसाला फाशी होईल. वकिलांनी शांतपणे समजावलं. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतलीच जात नाही. हेतू न्यायालयात विचारात घेतला जातो, भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसं कलम आहे. पण प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार असले की हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला पडत नाही. हेतूचं वजन वाढतं ते पुरावा परिस्थितीजन्य असतो तेव्हा. इथे गेटवर चार माणसं होती. नानांनी तपास अधिकाऱ्याला जाऊन ती संध्याकाळ सांगितली. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, चहा पाजला, आणि नाना घरी आले. त्या रात्री ते साडेचारपर्यंत झोपले. सलग झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञांची गोळी तीन महिने घ्यावी लागली, तीही सांगून टाकते, कारण नुसत्या बोलण्याने सगळं बरं झालं असा समज व्हायला नको.

मध्येच एकदा नानांनी खाली मान घालून विचारलं, "ताई, मालकांचा मलाही फार राग यायचा. एकदा तर मनात आलं होतं, हा माणूस मरत का नाही. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?" हा प्रश्न विचारायला फार धीर लागतो, आणि तो मनात दाबून ठेवणारे खूप आहेत. संतापात असा विचार चमकून जाणं आणि तो करायला निघणं यांत फार अंतर आहे. विचार येऊन आपल्यालाच त्याची भीती वाटत असेल तर बोला, कुणाशीही, नाहीतर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर. तिथे मराठीतही बोलता येतं. पण विचारात ठरावीक माणूस, वेळ, हत्यार यायला लागलं, किंवा तुमच्यासमोर कुणी तसं बोललं, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी घरच्यांना, डॉक्टरांना सांगा, गरज पडली तर ११२ वर पोलिसांना. त्या डिस्पॅचवाल्याने नानांसमोर यातलं काहीही बोललेलं नव्हतं.

सतरावी ओळ नानांनी लाल शाईने आडवी खोडली. हिशेबात खाडाखोड करायची नसते, आडवी रेघ मारून बाजूला सही करायची असते. तशी सही केली. आणि पोह्याच्या ठेल्यावर परत जायला लागले. कुणी "असली बात" विचारलं की म्हणत, "मुझे नहीं मालूम." पहिल्या आठवड्यात तीनदा म्हणावं लागलं, पुढे कुणी विचारेना.

मग एक दिवस स्वतःहून म्हणाले, "त्या महिन्याचे वीस दिवस तो कामावर होता. त्याचा पगार निघतो." कारखाना आता मालकांचा धाकटा भाऊ पाहतो. तो ओरडलाच, खुन्याला पगार द्यायचा? नानांनी सांगितलं की वीस दिवसांचं काम झालेलं आहे, गाड्या गेलेल्या आहेत, बिलं वसूल झालेली आहेत. पीएफची रक्कम तर त्याच्या नावावरचीच आहे, तिला कुणी हात लावू शकत नाही. ग्रॅच्युइटीचं कायद्याने जे होईल ते होईल. इंदूरच्या माणसाला थकलेल्या देण्याबद्दल जास्त सांगावं लागत नाही. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिथल्या कामगारांचे पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. नानांच्या आळीतले दोघं त्या पैशांची वाट बघत गेले.

सह्यांचा अधिकार मालकीणबाईंकडे आहे. तेराव्यानंतर नाना त्यांच्यासमोर गेले नव्हते. गेल्या मंगळवारी व्हाउचर घेऊन गेले. त्यांनी कागद वाचला, रक्कम पाहिली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाना, तुम्हाला माहीत आहे का, त्याने का केलं?"

"नाही हो, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. "हा कागद राहू दे इथे. आठवड्याने या."

नाना परवा जाणार आहेत. सही होईल की नाही, ते त्यांना माहीत नाही. जाताना काय न्यावं, एवढंच त्यांनी मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, रजिस्टर न्या. म्हणाले, ते तर नेणारच आहे, घरून हिने केलेले लाडू नेले तर चालतील का, हे विचारत होतो.