जिममधल्या ट्रेनरने फॅट बर्नर, म्हणजे चरबी घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या, घ्यायला सांगितलंय. डब्यावर "१००% नैसर्गिक" लिहिलंय. घ्यावं का?

माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका.

डबा हातात असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. "प्रोप्रायटरी ब्लेंड" लिहून सगळ्या घटकांचं मिळून एकच वजन दिलं असेल, तर त्यात कॅफिन किती हे तुम्हाला कळणारच नाही. छाती धडधडली, घाम फुटला म्हणजे चरबी वितळली असं नव्हे.

"नैसर्गिक" या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. ग्रीन टी पिणं वेगळं; पण त्यातला ईजीसीजी हा घटक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. गार्सिनिया कंबोजिया हा आपल्या कोकमाचाच भाऊबंद, तरी त्याच्या गोळ्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

खरी भीती लेबलवर न लिहिलेल्या औषधाची. सिब्युट्रामीन या भूक कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेला "हर्बल" गोळ्यांमध्ये ते पुन्हा पुन्हा सापडलंय.

डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी नंबर हा धंद्याचा परवाना असतो, वजन उतरण्याचा दाखला नव्हे.

आधीच घेत असाल आणि डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर गोळ्या लगेच थांबवा आणि डबा सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.