वाचक विचारतात : स्पेस शटल आणि पुनर्वापराचा हिशेब

प्रश्न : स्पेस शटल हे पुन्हा पुन्हा वापरता येणारे यान होते, असे शाळेत असल्यापासून ऐकत आलो. एकच यान अनेकदा वापरले तर खर्च कमी व्हायला हवा. मग ते फार महाग पडले, असे का सांगतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अमेरिकेच्या या शटलचे सगळेच भाग सारखे परत वापरले जात नव्हते, येथून सुरुवात करावी लागेल. अंतराळवीरांना नेणारे पंखांचे ऑर्बिटर धावपट्टीवर उतरत असे. घन इंधनाचे दोन बूस्टर दोन मिनिटांत काम संपवून पॅराशूटच्या आधाराने अटलांटिक महासागरात पडत आणि जहाजे ते ओढून आणत. मधली इंधनाची प्रचंड टाकी मात्र दर वेळी नवी लागे. पहिल्या दोन उड्डाणांत ही टाकी पांढरी रंगवली होती. पुढे केवळ रंगाचे अडीचशे किलोंहून अधिक वजन वाचावे म्हणून ती तशीच नारिंगी ठेवली गेली.

‘कोलंबिया’ या शटलने १२ एप्रिल १९८१ रोजी जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन पहिले उड्डाण केले आणि तेच यान १२ नोव्हेंबरला दुसऱ्या दोन अंतराळवीरांसह पुन्हा कक्षेत गेले. माणसे नेणारे यान दुसऱ्यांदा कक्षेत जाण्याची ती पहिलीच वेळ. पण मधले सात महिने विसरता येत नाहीत, कारण खर्चाचे उत्तर त्यांच्यातच आहे. परतताना यानाच्या पोटाखाली बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान निर्माण होई आणि आतील अॅल्युमिनियमचा सांगाडा वाचवण्यासाठी कोलंबियावर सिलिकाच्या सुमारे ३० हजार टाइल हाताने चिकटवलेल्या होत्या. त्यांतील बहुतेकींचा आकार वेगळा असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नसे. प्रत्येक उड्डाणानंतर त्या तपासायच्या, तुटलेल्या बदलायच्या आणि पाणी शोषले जाऊ नये म्हणून त्यांत रसायन टोचायचे, असा क्रम असे. मुख्य इंजिनेही काढून तपासली जात.

प्रारंभीच्या आराखड्यांत वर्षाला पन्नासच्या घरात उड्डाणांची भाषा होती. प्रत्यक्षात सर्वाधिक उड्डाणे १९८५ मध्ये झाली, ती नऊ. एकाच यानाच्या दोन प्रक्षेपणांमधील सर्वांत कमी अंतरही त्याच वर्षीचे : ‘अटलांटिस’ ५४ दिवसांत पुन्हा उडाले. हजारो तंत्रज्ञांचे पगार आणि प्रक्षेपण केंद्राची देखभाल उड्डाणे दोन झाली काय किंवा नऊ झाली काय, तेवढीच राहते. त्यामुळे उड्डाणे कमी झाली की प्रत्येक उड्डाणाच्या वाट्याला येणारा खर्च वाढतो. एसटीची गाडी प्रत्येक फेरीनंतर दोन-दोन महिने आगारातच उभी राहिली, तर तिकिटाचे काय होईल, तसाच हा प्रकार.

त्यातच दोन अपघात झाले. २८ जानेवारी १९८६ रोजी थंडीने कडक झालेल्या रबरी कड्यातून बूस्टरमधील तप्त वायू बाहेर आले आणि ‘चॅलेंजर’ ७३ सेकंदांत नष्ट झाले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ‘कोलंबिया’ विखुरले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरील उष्णतारोधक फोमचा तुकडा आदळून त्याच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला भोक पडले होते. कर्नालच्या कल्पना चावला त्याच यानात होत्या. दोन्ही वेळी सातही अंतराळवीर गेले, आणि दोन्ही वेळी दोष वारंवार दिसूनही खपवून घेतला गेला होता. माझ्या मते खर्चापेक्षाही ही बाब अधिक गंभीर आहे.

तरीही शटलला केवळ फसलेला व्यवहार म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘डिस्कव्हरी’ने भरकटलेले दोन उपग्रह पकडून पृथ्वीवर परत आणले. डिसेंबर १९९३ मध्ये ‘एन्डेव्हर’च्या अंतराळवीरांनी हबल दुर्बिणीचा दृष्टिदोष दूर केला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे कितीतरी भागही शटलनेच वाहून नेले. जुलै २०११ मध्ये अटलांटिस उतरले, तेव्हा एकूण उड्डाणे १३५ झाली होती.

प्रश्न : शटलचा भारताशी काही थेट संबंध आला होता का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : होय, आणि तो आपल्या घरापर्यंत पोहोचला होता. भारताचा इन्सॅट-१ए हा उपग्रह १९८२ मध्ये काही महिन्यांतच निकामी झाल्यावर त्याच मालिकेतील इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ अखेरीस चॅलेंजरमधून गेला. शटलचे रात्रीचे ते पहिले प्रक्षेपण होते. उपग्रहाचे सौर पंख उलगडायला बरेच दिवस लागले, पण नंतर त्याने वर्षानुवर्षे काम केले आणि दूरदर्शनचा विस्तार मोठ्या प्रमाणात त्याच्या भरवशावर झाला. इन्सॅट-१सीबरोबर एका भारतीय शास्त्रज्ञालाही शटलमधून पाठवण्याचे ठरले होते. चॅलेंजरच्या अपघातानंतर तो बेत बारगळला आणि उपग्रह १९८८ मध्ये युरोपच्या एरियन रॉकेटने गेला.

प्रश्न : शटलखेरीज असे दुसरे यान झालेच नाही का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : झाले, पण त्यांची कथा लहान आहे. अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट-विमानाने १९६३ मध्ये दोनदा शंभर किलोमीटरची उंची ओलांडली. कक्षेत मात्र ते गेले नाही. सोव्हिएत ‘बुरान’ने १५ नोव्हेंबर १९८८ रोजी माणसांविना दोन प्रदक्षिणा केल्या आणि ते आपोआप धावपट्टीवर उतरले, त्यानंतर ते कधीच उडाले नाही आणि २००२ मध्ये बायकोनूर प्रक्षेपण केंद्रात छत कोसळून त्याखाली चिरडले गेले. आज कक्षेत माणसे नेऊन पुन्हा वापरले जाणारे यान म्हणून स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनचे नाव घ्यावे लागते. मे २०२० मध्ये दोघांना नेणारी त्याची ‘एन्डेव्हर’ ही कुपी एप्रिल २०२१ मध्ये चौघांना घेऊन पुन्हा गेली. तिला पंख नाहीत, टाइलचे जंगल नाही. ती पॅराशूटने समुद्रात उतरते. सौर पट्ट्या असलेला तिचा मागचा भाग मात्र परतण्यापूर्वी सोडून दिला जातो, आणि तो शटलच्या टाकीसारखाच दर वेळी नवा लागतो.