सरकारी कर्ज कमी करायचं तर कर वाढवावेत की घटवावेत?

बहुतेक वेळा वाढवावेत. पण आधीचा दर किती, ते बघावं लागतं. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात उरणार, तर उत्पन्न दाखवणार कोण? तिथे दर उतरवणंच योग्य होतं.

सप्टेंबर २०१९ ची गोष्ट वेगळी. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. १.४५ लाख कोटींवर पाणी सोडावं लागेल, हा सरकारचाच अंदाज! त्या वर्षी कंपनी कराची वसुली घटली आणि सरकारची तूट (उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च) जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या, ३.३ टक्क्यांच्या उद्दिष्टाऐवजी ४.६ टक्क्यांवर गेली. तेव्हा कोविड जेमतेम सुरू होत होता. त्यामुळे ‘दर घटवा, वसुली आपोआप वाढेल’ हे मला तरी पटत नाही. बाकी, केंद्राच्या खर्चातला पाचव्या हिश्श्याहून जास्त पैसा आज नुसता व्याजात जातो.