‘मी विश्वास ठेवतो’ म्हणताना नुसते ओठ हलतात

प्रश्न: ताई, सलाम. मी 34 वर्षांचा, पुण्यात नोकरीला, मूळचे आम्ही नगरकडचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. गेल्या वर्षी पप्पा गेले. दीड वर्ष डायलिसिस चाललं, आठवड्याला तीन वेळा, चार-चार तास. मशीनवर असताना ते गीतांचं पुस्तक छातीवर ठेवून पडायचे, त्यात खूण म्हणून घातलेली हॉस्पिटलची पावती अजून तशीच आहे. चर्चच्या मंडळीने प्रार्थना केल्या, उपास केले. आणि पप्पा गेल्यावर त्यांच्यातल्याच एकांनी मम्मीला सांगितलं की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला. तेव्हापासून देव आहे का, ऐकतो का, काहीच कळेना झालंय. रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून ‘मी विश्वास ठेवतो’ हा विश्वासाचा कबुलीपाठ म्हणतात तेव्हा माझे नुसते ओठ हलतात. त्यात मी संडेस्कूलला, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या रविवारच्या वर्गाला, शिकवतो. हा ढोंगीपणाच ना? सोडून देऊ का सगळं?

उत्तर: आधी त्या ‘विश्वास कमी पडला’वाल्यांचं बघू, कारण मलाच राग आलाय. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठव. मुलंबाळं, तब्येत, सगळं गमावून तो राखेत बसलेला आणि हे त्याला पानंच्या पानं समजावतायत की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटच्या अध्यायात देव चिडतो तो या मित्रांवर, म्हणतो की ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही बोललात. आणि ईयोब तर देवाशी चक्क भांडत होता! हे मम्मीला वाचून दाखव, तिला तुझ्यापेक्षा जास्त गरज असेल.

आता तुझं. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आजारी पोराचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच दमात दोन्ही, आणि येशू त्याला ‘आधी ठरवून ये’ म्हणून परत नाही पाठवत. तिथे मुलगा बरा झाला, तुझे पप्पा नाही झाले, हा फरक मी गोड बोलून बुजवणार नाही. मला त्याचं उत्तर येत नाही आणि ज्यांना येतं असं वाटतं त्यांच्यापासून मी जरा लांबच बसते. 88वं स्तोत्र वाचलंयस का? शेवटपर्यंत उजेड नाही त्यात, अंधारावरच संपतं, तरी बायबलमधून कोणी काढून टाकलं नाही.

मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये, त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी छापली गेली, तेव्हा जगाला कळलं की ही बाई कितीतरी वर्षं आतून कोरडी होती, देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. ती पत्रं नष्ट करा असं त्यांनीच सांगितलं होतं. तरी रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसायच्या आणि मग कामाला जायच्या. त्याला ढोंग म्हणशील?

आणि येशूचा शिष्य थोमा. आपण त्याला उगाच संशयी म्हणून बदनाम केलंय. येशूच्या जिवाला धोका होता तेव्हा ‘चला, आपणही त्याच्याबरोबर मरू’ म्हणणारा हाच. पण मला आवडते ती वेगळीच गोष्ट. येशू क्रुसावर मेल्यानंतर पुन्हा उठला, तेव्हा बाकीचे शिष्य म्हणाले आम्ही प्रभूला पाहिलं, हा म्हणाला जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, आणि त्यानंतर आठ दिवसांनी तो कुठे होता? त्याच घरात, त्यांच्याचबरोबर. तो निघून गेला नाही आणि त्यांनीही हाकललं नाही. येशू आला तो तिथेच, बंद दारातून, तेही जखमांसकट.

माझा भाऊ गेला तेव्हा वर्षभर मी त्या ओळींना गप्प उभी असायचे. शेजारी एक मावशी असायच्या, खणखणीत म्हणायच्या, त्यांच्या आवाजावर माझं भागायचं. तूही गप्प राहिलास तर बिघडत नाही, ओठ हलवायचीही गरज नाही. पण घरी एकटा बसू नकोस. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरकडेही जा, त्याने विश्वासाला काही होत नाही.

संडेस्कूलचं म्हणशील तर सुपरिटेंडंटला खरं सांगून तीन-चार महिने सुट्टी घे, खुर्च्या लाव, चहा वाट. शिकवायचंच असेल तर शिकव, फक्त पोरांनी काही विचारलं आणि येत नसेल तर सरळ ‘मला पण माहीत नाही रे’ म्हण. पोरांना ते चालतं, त्रास मोठ्यांना होतो.

ती पावती मात्र काढू नकोस. कुठल्या गीताच्या पानावर आहे ते मला कळव.