निळं जाकीट आणि चार पाय

चित्रकार मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी सशाची चोवीस पानं परवा कुरिअरने आली. दोनदा निवांत पाहिली. रंग छान उतरलेत, आणि संध्याकाळचं गवत तर मी बराच वेळ बघत बसले. ससा मात्र मला सापडला नाही. गणवेश घातलेला, पाठीला दप्तर अडकवलेला, बशीएवढ्या डोळ्यांचा एक मुलगा दिसला आणि त्याला लांब कान होते. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस, की बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचं पीटर सशाचं पुस्तक १९०२ सालचं, त्यातली बाग विलायतेतली, तरी मुलं ते अजून पुन्हा पुन्हा का मागतात? तुझ्या पानांत जे हुकलंय, त्यातच या प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून दोन्हींबद्दल एकदमच लिहिते.

पुस्तक पुन्हा हातात घे. गोष्ट तुला तोंडपाठ असेल, तेव्हा या खेपेला फक्त त्या निळ्या जाकिटावर नजर ठेव. आई चारही पिल्लांना तयार करून बाहेर सोडते तेव्हा पीटरच्या अंगात जाकीट आहे, पायांत बूट आहेत. मॅकग्रेगर नावाच्या माणसाच्या बागेत जायचं नाही असं बजावलेलं असताना तो तडक तिथेच जातो. लेट्यूस खातो, फरसबी खातो, मुळे खातो. पोट बिघडतं म्हणून पार्सली शोधायला निघतो, तर काकड्यांच्या वाफ्याला वळसा घालताच समोर मॅकग्रेगर, गुडघ्यांवर बसून कोबीची रोपं लावतोय. दंताळं उगारून तो मागे लागतो. पळता पळता एक बूट कोबीत राहतो, दुसरा बटाट्यांत. आणि इथे एक साधंसं वाक्य येतं. बूट गेल्यावर पीटर चार पायांवर धावू लागला आणि त्याचा वेग वाढला. मी या वाक्याशी कितीतरी वर्षं थांबत आलेय. पुढे गूजबेरीच्या झुडपांवर टाकलेल्या जाळीत तो अडकतो तेही जाकिटाच्या मोठाल्या बटणांमुळे. पितळी बटणं, जाकीट नवं कोरं. चिमण्या जोर लाव, जोर लाव म्हणून विनवतात. मॅकग्रेगर वरून झाकायला चाळण आणतो. अगदी त्या क्षणाला पीटर अंग पिळवटून जाकिटातून बाहेर पडतो. जाकीट जाळीत राहतं, ससा सुटतो.

बाईंनी इथे काय केलंय बघ. अंगात कपडे होते तोवर पीटर खोडकर मुलगा होता. जिवावर बेतलं तसा एकेक कपडा गळत गेला आणि उरलेल्या सशाने स्वतःला वाचवलं. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे कुणी फोड करून सांगावं लागत नाही. त्यालाही रोज सकाळी बटणं लावून, बूट चढवून, 'मळवून येऊ नकोस' असं सांगूनच घराबाहेर सोडतात. पीटर जाकीट टाकून पळतो तेव्हा ऐकणाऱ्या मुलाचे पाय पांघरुणात हलायला लागतात. माझ्या नातीचे मी प्रत्यक्ष पाहिलेत.

आता तुझ्या सशाचा गणवेश घे. तो काढून टाकला तर गोष्टीत काही अडतं का? मी पान सात ते वीस डोळ्यांसमोर आणून पाहिलं, काही अडत नाही. कपडा घालायचा तर त्याने गोष्टीत काम केलं पाहिजे. कुठेतरी अडकलं पाहिजे, फाटलं पाहिजे, हरवलं पाहिजे. पीटरचं जाकीट आणि बूट शेवटी मॅकग्रेगर बुजगावण्याला चढवतो. इतक्या छोट्या पुस्तकात एका जाकिटाला केवढा प्रवास दिलाय!

आणखी एक चित्र नीट बघ. बागेच्या भिंतीतल्या दाराला कुलूप आहे, खालून निसटायला जागा नाही. एक म्हातारी उंदरीण ये-जा करतेय. पीटर तिला वाट विचारतो, पण तिच्या तोंडात एवढा मोठा वाटाणा आहे की तिला बोलताच येत नाही, ती नुसती मान हलवते. आणि पीटर रडायला लागतो. अंगावर एक चिंधी नाही, शरीर नखशिखांत सशाचं. पण दाराला टेकून एक पाय दुसऱ्या पायावर ठेवलाय आणि पंजा तोंडाशी नेलाय. जत्रेत चुकलेलं पोर अस्संच उभं राहतं. अख्ख्या पुस्तकात मला सर्वांत प्रिय असलेलं चित्र हे. खऱ्या सशाच्या देहात मुलाचं रडू इतकं बेमालूम मावलंय, की ससा कुठे संपतो आणि पोर कुठे सुरू होतं हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

हे जमलं, कारण पॉटरबाई ससा जाणत होत्या. १८६६ सालचा त्यांचा जन्म, लंडनमधल्या सुखवस्तू घरातला. शाळेत कधी घातलं नाही. त्या आणि धाकटा भाऊ मिळून घरात साळिंदराचा छोटा भाऊबंद शोभावा असा काटेरी हेजहॉग, उंदीर, बेडूक, वटवाघळं असलं काय काय पाळायचे. एखादा प्राणी मेला तर ही भावंडं तो उकळून हाडं वेगळी करायची आणि सांगाडा पुन्हा जुळवून त्याचं चित्र काढायची. ऐकायला कसंतरी वाटेल, पण जाकिटाखाली खांदा नेमका कुठे येतो हे त्यांना ठाऊक होतं ते असं. पुढे बुरशी आणि भूछत्रांची शेकडो चित्रं काढली, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू रुजताना पाहिले आणि त्यावर निबंध लिहिला. १८९७ साली तो लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांच्या संस्थेत, मांडला गेला, पण बायकांना तिथे बसायची मुभा नसल्यामुळे दुसऱ्याने मांडला. ती चित्रं आजही इंग्लंडमधल्या अँबलसाइड गावच्या संग्रहालयात आहेत.

आणि पीटर खरा होता. पीटर पायपर हे त्याचं नाव. लंडनच्या शेफर्ड्‌स बुश भागातून साडेचार शिलिंगांना विकत आणलेला. त्याआधीचा ससा बेंजामिन तर दोरी बांधून फिरायला जायचा. पीटर त्यांच्या सोबत नऊ वर्षं राहिला आणि जानेवारी १९०१ मध्ये गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचं पुस्तक पहिल्यांदा छापून झालं. नऊ वर्षं एक प्राणी शेगडीपाशी झोपलेला, खाताना, घाबरताना, रुसताना बघितला म्हणजे हाताला काय येत असेल याचा विचार कर. तू तुझा ससा किती दिवस पाहिलास? फोनवरची छायाचित्रं सोडून सांग.

मी हे वरून सांगत नाहीये. माझ्या पहिल्या पुस्तकात शेळी होती आणि ती मी न बघता, मनाने काढली. शेपटी खाली लोंबती ठेवली. पुस्तक छापून आल्यावर एका धनगरवाडीतल्या मुलीने ते हातात धरलं आणि शांतपणे विचारलं, "ही मेंढी का?" शेळीची शेपटी वर असते, मेंढीची खाली, हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. तिने पुढची पानं उलटली नाहीत. तो प्रसंग मी विसरलेले नाही, आणि त्यानंतर एकही प्राणी न बघता काढलेला नाही.

तुझ्या पानांत नेमकी हीच चूक झालीये, म्हणून स्पष्ट लिहिते. तू गोष्ट आपल्या माळरानावर घडवली आहेस. तिथे ससा दाखवलास पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, आणि तो बिळात राहतो. पांढरा तो पाळीव ससा. आणि बिळात राहतो तो विलायतेतला पीटरचा भाऊबंद, त्याची पिल्लं बिळातच जन्मतात, उघडीबोडकी, डोळे मिटलेली. आपला माळावरचा ससा वेगळा. मातकट तपकिरी, मानेवर मागच्या बाजूला काळा डाग. तो बीळ खणतच नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून त्यात दिवसभर निपचित बसतो आणि अंधार पडायला लागला की चरायला निघतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आता विचार कर, ज्याला घरच नाही, लपायला चार काड्या आणि स्वतःचा रंग एवढंच आहे, त्या पिल्लाची गोष्ट किती वेगळी होईल! पीटरला धावत जाऊन फरच्या झाडाच्या मुळांखालच्या घरात, मऊ वाळूवर अंग टाकता येतं. तुझ्या पिल्लाला 'हलू नकोस' हेच घर. अशी गोष्ट मराठीत लिहिली गेलेली मी तरी वाचली नाही. ती तुझ्या हाताशी येऊन बसलीये आणि तू तिला दप्तर दिलंस.

दुसरं, भीतीबद्दल. तुझा कोल्हा शेवटी माफी मागतो आणि सगळे मिळून खीर खातात. तू हे का केलंस ते मला कळतं, आईबाबा पुस्तक विकत घेताना बिचकतील अशी काळजी. पॉटरबाई पहिल्याच पानांत काय सांगतात? पिल्लांचे वडील मॅकग्रेगरच्या बागेत गेले होते, त्यांचा अपघात झाला, मॅकग्रेगरच्या बायकोने त्यांचा 'पाय' नावाचा पदार्थ केला. पाय म्हणजे पिठाच्या पोळीत बंद करून भाजलेलं मांस, हे तू लहान मुलाला वाचून दाखवताना सांगावंच लागतं, आणि मूल क्षणभर गप्प होतं. पण ते पुस्तक मिटत नाही, जवळ सरकतं. आई हे ज्या आवाजात सांगते तोच आवाज पुढे ब्रेड आणि बन आणायला जाताना आहे. धोका खरा आहे आणि आई शांत आहे. मुलाला दोन्ही हवं असतं. आणि शेवटी बघ, आई रागवत नाही. पंधरा दिवसांत दुसरं जाकीट आणि दुसरे बूट हरवले एवढीच नोंद घेते, पीटरला बरं नाही म्हणून अंथरुणात घालते आणि कॅमोमाइलच्या फुलांचा काढा चमचाभर पाजते. बहिणींना ब्रेड, दूध आणि ब्लॅकबेरी. संपलं. धडा शिकवायची आयती संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. तुझ्या शेवटच्या पानावरच्या चार ओळी मी पेन्सिलीने कंसात टाकल्यात, का ते तुला कळेल.

शब्दांनाही घाबरू नकोस. पीटरला चिमण्या धीर देतात तिथे मूळ इंग्रजीत चांगले भारदस्त शब्द आहेत, लहान मुलांच्या रोजच्या बोलण्यातले नव्हेत. मुलं असे शब्द चघळतात, दुसऱ्या दिवशी जेवताना वापरतात. तू 'निपचित' लिहून मग खोडलंस आणि 'शांत' केलंस. 'निपचित' परत घाल.

हे पुस्तक कसं सुरू झालं तेही सांगते, कारण तुझ्या चिठ्ठीत 'टार्गेट वयोगट' असा शब्द तीनदा आलाय. ४ सप्टेंबर १८९३. पॉटरबाई स्कॉटलंडमध्ये डंकेल्डला होत्या. त्यांना पूर्वी शिकवायला येणाऱ्या बाईंचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. त्याला काय लिहावं सुचेना, म्हणून त्यांनी पत्रातच चार सशांची गोष्ट लिहिली, ओळींच्या मध्ये मध्ये पेनाने चित्रं काढत. समोर वयोगट नव्हता, अंथरुणात पडलेला एक मुलगा होता. मुलाने ते पत्र जपून ठेवलं. सातेक वर्षांनी त्याचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा बाईंनी त्याच्याकडून ते उसनं मागून घेतलं. तूही एक मूल निवड. नाव मला सांगू नकोस. पण प्रत्येक पान त्याला दाखवायचं आहे असं समजून काढ.

पुढचा इतिहास थोडक्यात. प्रकाशकांनी नकार दिले. त्यांना मोठं पुस्तक हवं होतं, बाईंना छोट्या हातात मावणारं आणि स्वस्त. सहा शिलिंग द्यायला छोट्या सशांकडे पैसे कुठून असणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. मग आधी नकार दिलेल्या फ्रेडरिक वॉर्न कंपनीनेच, चित्रं रंगीत करून दिल्यावर, ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक काढलं आणि वर्ष संपेपर्यंत २८ हजार प्रती छापाव्या लागल्या. आजवर ४ कोटींहून जास्त खपल्यात. अमेरिकेत मात्र हक्कांची नोंदणी व्हायची राहिली, तिथे भलत्यांनीच ते छापलं आणि बाईंना त्याचा छदाम मिळाला नाही. तेव्हा तुझा करार दोनदा वाच, आणि सही करायच्या आधी मला दाखव.

आता काम सांगते. पुढचे दोन महिने रंगांना हात लावू नकोस. गावी जाशील तेव्हा संध्याकाळी माळावर बस. पहिले चार दिवस काही दिसणार नाही, तरी बस. पेन्सिल आणि साधी वही ने. सशाचा डोळा डोक्याच्या बाजूला असतो, त्याला मागचंही दिसतं, म्हणून तो मान न वळवता पळतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की ते समोर रोखलेले बशीएवढे डोळे आपोआप जातील. आणि जमिनीवर आडवी होऊन बघ. मॅकग्रेगरचा बूट पीटरच्या मागे खिडकीत येतो ते चित्र आठव. सशाच्या उंचीवरून माणूस म्हणजे आधी पाय.

पानं या पत्रासोबत परत पाठवतेय. तेवीसच आहेत, घाबरू नकोस. अकरावं मी ठेवून घेतलंय. त्यात ससा कुंपणाखालून निसटतोय, दप्तर झुडपाआड गेलंय, आणि फक्त पाठ, मागचे दोन पाय आणि चपटे केलेले कान दिसतात. ते माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलंय. नवी वही घेऊन येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
ताई