छायाचित्राची मागची बाजू

जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे प्रादेशिक डिजिटल संग्रहांत कशी जतन होतात, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या घरी जुन्या पेटीत शंभरेक छायाचित्रे, पत्रे आणि हिशेबाच्या काही वह्या आहेत. आमच्या भागातील एका डिजिटल संग्रहाने त्या स्कॅन करून देण्याची तयारी दाखवली आहे. पेटी देण्याआधी सर्व छायाचित्रे पुसून, वर्षवार लावून ठेवावीत का?

उत्तर : पुसू नका आणि लावूही नका, पेटी आहे तशीच द्या. तुम्हाला जो पसारा वाटतो, तो संग्रहात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने पहिला पुरावा असतो. छायाचित्र ज्या पाकिटात ठेवलेले असते त्या पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून त्याच्या काळाचा अंदाज येतो, आणि वहीच्या ज्या पानात ते दडवलेले असते त्या पानावर कधी कधी ते काढून घेतल्याचा खर्चही लिहिलेला सापडतो. सगळे बाहेर काढून आकारानुसार रचले की हे धागे तुटतात आणि पुन्हा जोडता येत नाहीत. अशी एक पेटी मी पाहिली आहे. देणाऱ्यांनी मोठ्या आस्थेने प्रत्येक छायाचित्र नव्या पारदर्शक पिशवीत घातले होते, मात्र जुनी पाकिटे जागा अडवतात म्हणून टाकून दिली होती. चेहरे अगदी स्पष्ट होते, पण त्यांतील एकाचेही नाव आम्हाला शेवटपर्यंत लावता आले नाही.

पेटी उघडताच ती जशी दिसते तशी मोबाइलवर टिपून ठेवा. गंजलेल्या टाचण्या, चिकटपट्ट्या आणि चिकट पानांच्या अल्बममधली छायाचित्रे ओढून काढू नका. ते काम जाणकारांवर सोपवा. क्रमांक घालायचा असेल तर छायाचित्र सपाट, कठीण पृष्ठभागावर पालथे ठेवून मागच्या कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने घाला. बॉलपेनाने लिहिलेले पुढच्या बाजूला उमटते आणि शाईही झिरपते.

सर्वांत निकडीचे काम मात्र वेगळेच आहे. घरातील ज्या वडीलधाऱ्यांना हे चेहरे ओळखता येतात, त्यांच्याजवळ पेटी घेऊन बसा आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. ‘हे कोण?’ एवढ्यावर न थांबता ‘हे तुम्हाला कसे ठाऊक?’ असेही विचारा, कारण स्वतः पाहिलेले आणि कुणाकडून ऐकलेले यांचे वजन सारखे नसते. कागद योग्य जागी ठेवला तर आणखी शंभर वर्षे टिकू शकतो, पण ओळख सांगणारे माणूस तितके थांबत नाही.

संग्रहाशी लेखी करार करताना एक फरक ध्यानात ठेवा. छायाचित्राची प्रत तुमच्या मालकीची असली, तरी त्यातील प्रतिमेचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे असू शकतो.

प्रश्न : जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या एका तपकिरी छायाचित्रावर ना नाव आहे, ना तारीख. त्याचा काळ कसा ओळखावा?

उत्तर : रंगावर विसंबू नका, कारण तपकिरी छटा पुढच्या काळातही हौसेने दिली जात असे. त्याऐवजी चांगल्या भिंगातून पृष्ठभाग पाहा. कागदाचे तंतू दिसत असतील, बारीक भेगांचे जाळे असेल आणि उजळ भाग पिवळसर पडले असतील, तर ते बहुधा अल्ब्युमेन छायाचित्र आहे. अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदाची ही पद्धत फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार यांनी १८५० मध्ये मांडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती प्रचारात होती. हा कागद फार पातळ असल्यामुळे त्याची गुंडाळी होते, म्हणूनच तो पुठ्ठ्यावर चिकटवावा लागे. याउलट तंतू अजिबात दिसत नसतील आणि छायाचित्र उजेडात तिरके धरल्यावर कडेच्या गडद भागांवर निळसर चांदीसारखी चकाकी दिसत असेल, तर ते जिलेटिनच्या थराचे, म्हणजे साधारण १८८० नंतरचे असण्याची शक्यता मोठी आहे.

मग पुठ्ठा मोजा. सुमारे ६ × १० सेंटिमीटरचा लहान पुठ्ठा असेल, तर तो पॅरिसचे दिस्देरी यांनी १८५४ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट घेतले त्या ‘कार्त द व्हिजित’ प्रकारातला असू शकतो. सुमारे ११ × १६.५ सेंटिमीटरचे कॅबिनेट कार्ड १८६० च्या दशकात आले. त्यानंतर पुठ्ठा उलटा करा. छायाचित्रगृहाचे नाव, पत्ता, मिळालेली पदके, छपाईची धाटणी असे सारे तिथे असते, आणि त्या गृहाने जागा केव्हा बदलली हे अन्य कागदांवरून कळले तर तुमचे छायाचित्र दहा-पंधरा वर्षांच्या आत बसवता येते.

संग्रहांमध्ये आणखी एक चाचणी करतात. अंधारात अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा उजळला, तर त्यात शुभ्रता वाढवणारे रसायन आहे, आणि असे कागद छायाचित्रणात १९५० च्या दशकापासून आले. अर्थात त्यातून कागदाचे वय कळते, प्रसंगाचे नव्हे. जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेली प्रतही अशीच उजळेल. म्हणून नोंदीत ‘१८९५’ असे ठाम लिहिण्याऐवजी ‘अंदाजे १८८५ ते १९००, आधार : पुठ्ठ्यावरील पत्ता’ असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न : स्कॅन किती बारकाईने करावे? आणि एकदा स्कॅन झाल्यावर मूळ प्रती ठेवण्याची गरज उरते का?

उत्तर : कागदावरील छायाचित्रासाठी दर इंचाला ६०० बिंदू हे प्रमाण सर्वसाधारणपणे पुरते. ४ × ६ इंचांच्या छायाचित्राची त्यातून २,४०० × ३,६०० बिंदूंची प्रतिमा मिळते आणि संकोचन न करता ठेवलेली रंगीत फाईल सुमारे २६ मेगाबाइटची होते. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला मात्र हेच प्रमाण लावले तर जेमतेम ५६७ × ८५० बिंदू हाती लागतात. तिथे ४,००० च्या आसपास जावे लागते. मुख्य प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गळू देणाऱ्या फाईल-प्रकारात, ठेवावी आणि पाहण्यासाठी, पाठवण्यासाठी तिच्यावरून जेपेग काढावी, कारण जेपेग फाईल बदल करून पुन्हा साठवली की दर वेळी थोडा तपशील गळतो. डाग पुसलेली किंवा रंग भरलेली प्रत हवी तर स्वतंत्र ठेवा, पण मुख्य प्रतीला हात लावू नका. आणि मागची बाजू कोरी असली तरी तीही स्कॅन करा, म्हणजे ती कोरीच होती हे पुढच्या अभ्यासकाला कळेल.

मूळ प्रत टाकू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. कागदाची जाडी, जलचिन्ह, शाईने कागदाला पाडलेली भोके यांतले फारच थोडे स्कॅनमध्ये उतरते. शिवाय डिजिटल फाईलही आपोआप टिकत नाही: तिच्या किमान तीन प्रती असाव्या लागतात, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी लागते, आणि फाईलमधला एकही बिट बदललेला नाही हे चेकसमने, म्हणजे फाईलमधील मजकुरावरून गणिताने काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने, ठराविक काळाने पडताळावे लागते.

अपवाद म्हणावा असा एकच प्रकार आहे. कोडॅकने १९५१ च्या सुमारास ज्यांचे उत्पादन थांबवले त्या नायट्रेट फिल्म सहज पेट घेतात आणि एकदा पेटल्या की त्यांना बाहेरच्या प्राणवायूचीही गरज लागत नाही. जुन्या फिल्म चिकट, पिवळट झालेल्या आढळल्या तर त्या उष्णतेपासून दूर ठेवून संग्रहाला लगेच कळवा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या फिल्म बहुधा ॲसिटेटच्या असतात. त्या अशा पेटत नाहीत, पण शेजारच्या फिल्मही बिघडवतात.

प्रश्न : एका संग्रहाच्या संकेतस्थळावरील जुन्या चौकाचे छायाचित्र मला डावे-उजवे उलटे झालेले वाटते. हे संग्रहाला कसे सांगावे?

उत्तर : तुमची शंका रास्त असू शकते. काचेच्या निगेटिव्हची एक बाजू गुळगुळीत, तर प्रतिमेचा थर असलेली दुसरी बाजू मंद दिसते. त्या ओळखण्यात गफलत झाली की चित्र उलटे उमटते. पाटीवरची अक्षरे, सदऱ्याची गुंडी, घड्याळावरचे आकडे यांतील काही दिसते का ते पाहा. डागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे जुने छायाचित्र, मात्र सहसा मुळातच आरशातल्यासारखे उलटे असते, तेव्हा ते कोणत्या प्रकारचे छायाचित्र आहे हे नोंदीत आधी वाचा.

कळवताना छायाचित्राचा नोंद क्रमांक, तुमचे निरीक्षण आणि त्याचा आधार या तीन गोष्टी लिहा. नीट चालवलेल्या संग्रहात जुने वर्णन पुसले जात नाही. दुरुस्ती कुणी सुचवली, केव्हा सुचवली आणि कशाच्या आधारे सुचवली, ते त्याच्याखाली लिहिले जाते.