कंपनीची पायलट समिती असताना वैमानिकांनी वेगळी युनियन नोंदवावी का?

तुम्ही नागपूरचे, खासगी विमान कंपनीत को-पायलट. कंपनीने वैमानिकांची प्रतिनिधी समिती नेमली आहे, काही सहकारी युनियन नोंदवू म्हणतात. फरक काय पडतो आणि नागपुरात जायचं कुठे, हा तुमचा प्रश्न.

आधी समितीचे नियम मागून वाचा. बैठक कोण बोलावतं, प्रतिनिधीला त्या दिवशी ड्यूटीतून मोकळं कोण करतं, आणि समिती बरखास्त करायचा अधिकार कोणाकडे? तिन्ही ठिकाणी एचआर असेल, तर ही समिती सल्ला देईल, पण कंपनीला बांधून ठेवणारा करार तिच्या हातून होणार नाही. हॉटेल, कॅब, रोस्टरमधली (ड्यूटीच्या वेळापत्रकातली) अदलाबदल, सिम्युलेटरच्या तारखा ही कामं ती युनियनपेक्षा लवकर करते, हेही खरं. गाडी अडते ती पगार, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आणि चौकशीपाशी. ब्रेथ अ‍ॅनालायझर चाचणीत (श्वासातून दारू तपासतात ती) पॉझिटिव्ह आलात तर पहिल्याच खेपेला लायसन्स तीन महिने निलंबित होतं. तेव्हा कंपनी तिची बाजू सांभाळणार. तुमची बाजू मांडायला तिनेच नेमलेली माणसं कशी पुरतील?

आयर्लंडच्या रायनएअर या विमान कंपनीने वर्षानुवर्षं प्रत्येक बेसच्या (वैमानिक जिथून काम करतात त्या विमानतळाच्या) वेगळ्या समितीशी बोलणी केली. त्यामुळे एका बेसला काय मिळालं, त्याचा दुसऱ्या बेसला उपयोग नसायचा. सप्टेंबर २०१७ मध्ये रोस्टरचा घोळ होऊन हजारो उड्डाणं रद्द झाली आणि डिसेंबरमध्ये, संप तोंडावर आल्यावर, कंपनी युनियनला मान्यता द्यायला तयार झाली. अमेरिकेतल्या जेटब्लू या विमान कंपनीतही घरचीच समिती होती. तिथल्या वैमानिकांनी दोनदा मतदानात युनियन नाकारली आणि २०१४ मध्ये स्वीकारली.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. ‘नाही पटलं तर सोडून जातो’ हे शस्त्र वैमानिकाच्या हाती जवळजवळ नाहीच, कारण डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) २०१७ च्या नियमानुसार कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिवाय मोठे प्रश्न कंपनीत सुटतही नाहीत. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणणारे नियम अमलात यावेत म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात वैमानिकांच्या संघटना लढल्या. नोंदणीकृत संघटना स्वतःच्या नावाने दावा लावू शकते, एचआरच्या परिपत्रकावर जन्मलेली समिती नाही.

आता कायदा. औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. अर्जावर किमान सात सभासद लागतात, आणि अर्जाच्या तारखेला आस्थापनेतल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत. ‘कॅप्टन म्हणजे पर्यवेक्षक, त्याला युनियन कसली’ असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. संहितेतल्या युनियन नोंदणीच्या प्रकरणापुरती कामगाराची व्याख्या व्यापक आहे. पर्यवेक्षकाचा मुद्दा पुढे औद्योगिक विवादात निघतो, आणि तिथेही पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकाला कामगार मानलेलं आहे.

खरी मेख पुढे आहे. आस्थापनेत एकाहून जास्त नोंदणीकृत संघटना असतील आणि एकट्याने वाटाघाटी करायच्या असतील, तर मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कुणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद बनते, आणि तीत जागा मिळवायला किमान २० टक्के हवेत. मस्टरवर केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ, इंजिनिअर असे सगळेच येतात. म्हणजे निव्वळ वैमानिकांची संघटना शंभर टक्के एकजुटीची असली तरी ५१ पर्यंत पोचणं अवघड. इंजिनिअर आणि क्रूशी आधीच बोलून ठेवा. बहुतेक प्रयत्न इथेच अडखळतील असं मला वाटतं, कारण वैमानिकांना बाकीच्यांसोबत एका यादीत बसायची सवय नसते.

नोंदणी राज्य सरकारच्या कामगार संघटना निबंधकाकडे होते, पण हवाई वाहतुकीचे वाद केंद्राच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे सलोख्याचा (सरकारी मध्यस्थीने वाद मिटवण्याचा) अर्ज राज्याच्या कामगार कार्यालयात देऊ नका, तो परत येईल. केंद्रीय मुख्य कामगार आयुक्त यंत्रणेचं कार्यालय नागपुरात आहे, तिथे द्या.

माझं मत विचाराल तर समिती मोडू नका, रोजच्या तक्रारींसाठी ती राहू द्या. मात्र ‘हीच समिती युनियन म्हणून नोंदवा, खर्च आम्ही करतो’ असा प्रस्ताव कंपनीकडून आला तर साफ नाही म्हणा. मालकाने युनियन उभी करणं किंवा तिला पैसा पुरवणं ही कायद्याने अनुचित प्रथा आहे.

आणि सामूहिक आजारपणाच्या, म्हणजे सगळ्यांनी ठरवून एकदम आजारी असल्याचं कळवण्याच्या, वाटेला जाऊ नका. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी ते केलं, पण तो काळ वेगळा होता. आता निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकली तरी तो संप धरला जातो, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे. खरोखर तब्येत बरी नसेल तर अर्थातच उडू नका, डॉक्टरचा कागद त्याच दिवशी घ्या. सभासदांची यादी, सह्या आणि वर्गणीचा हिशेब कंपनीने दिलेल्या टॅबवर किंवा मेलवर ठेवू नका. वहीत ठेवलेलं बरं.